वर्ध्याने कुष्ठसेवेची वाट कशी बदलली

30 जानेवारी 2012 रोजी लंडनमध्ये मोठ्या औषध कंपन्या, गेट्स फाउंडेशनसारख्या धर्मादाय संस्था, जागतिक आरोग्य संघटना आणि काही देशांची सरकारे एकत्र आली. दहा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार आटोक्यात आणायचे, जमतील ते संपवायचे, असा जाहीरनामा त्यांनी काढला. हत्तीरोग, नारू, काळा आजार यांच्यासोबत त्या यादीत कुष्ठरोगही होता. ही तारीख आता जगभर या आजारांचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे गांधीजींच्या पुण्यतिथीला कुष्ठरोग निवारण दिन त्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जातो. तारखा जुळल्या हा योगायोगच. पण कुष्ठरोग संपवायचा तर रुग्ण येण्याची वाट न पाहता त्याला घरोघर जाऊन शोधायचे, ही पद्धत वर्धा जिल्ह्यात 1950 च्या दशकातच बसवली गेली होती. तिच्यामागे गांधीजींच्या स्मरणार्थ लोकांनी दिलेला पैसा होता. महाराष्ट्रातल्या कुष्ठसेवेची आठवण निघते तेव्हा आश्रम आठवतात, हे घरोघर फिरणे मात्र सहसा कुणाला आठवत नाही. म्हणून ही पार्श्वभूमी.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतल्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला. औषध मात्र पुढची सत्तरेक वर्षे नव्हते. चालमोगरा म्हणजे कडू कवठ या झाडाच्या बियांचे तेल टोचत, पण त्याचा भरवसा नव्हता. त्यामुळे दानधर्माच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे निवारा. वेलस्ली बेली या आयरिश शिक्षकाने अंबाल्यात रुग्णांची अवस्था पाहिली आणि 1874 मध्ये डब्लिनला परतल्यावर निधी जमवायला सुरुवात केली. आजचे लेप्रसी मिशन त्यातूनच उभे राहिले. हवाई बेटांवर रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन 1889 मध्ये याच आजाराने गेले आणि साऱ्या युरोपात खळबळ उडाली. मुंबईत रस्त्यावरच्या रुग्णांना शहराबाहेर हलवण्याची मागणी जोर धरू लागली. महापालिका आयुक्त अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने आणि नागरिकांच्या देणग्यांतून 1890 मध्ये माटुंग्याला आश्रयस्थान उघडले. वडाळ्याचे अॅक्वर्थ कुष्ठरुग्णालय ते हेच. त्यामागे दया होती तशीच भीतीही होती. 1898 च्या कायद्याने भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून कोंडण्याची मुभा दिली. हा कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडले.

मिशनच्या बाहेर हे काम करणारे भारतीय फार थोडे होते. विनोबांच्या सहवासात वाढलेल्या मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. एका भारतीयाने निव्वळ सेवाभावाने चालवलेली जवळपास एकमेव संस्था, असा तिचा गौरव गांधीजींनी 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत केला आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबत राहिलेले. कुष्ठरोगाने खचून ते 1939 मध्ये सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली आणि स्वतः त्यांचे मालिश केले. ते छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते. त्यामुळे विदर्भातल्या कार्यकर्त्यांच्या मनातली शिवाशिवीची भीती किती ओसरली असेल, याचा हिशेब करता येणार नाही. पुढे अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आणि साधनाताई आमटे यांचे आनंदवन आले, 1951 मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घराने टाकलेल्या माणसाला शेती, माग, सुतारकाम आणि संसार मिळवून देणाऱ्या या संस्थांनी जे केले, ते कोणत्याही गोळीला जमले नसते.

पण आश्रमात येणारा रुग्ण बहुधा उशिरा येई. बोटे झडलेली, पायाला जखमा, गावाने हाकललेला. आजार तोवर घरातल्या पोरांपर्यंत पोचलेला असू शकत होता. याचे कारण या रोगाच्या स्वभावातच आहे. पहिला चट्टा दुखत नाही, खाजत नाही. तिथली त्वचा बधिर झालेली असते, म्हणून माणूस वर्षानुवर्षे तो अंगावर काढतो. वेदना नसल्यावर दवाखान्याची पायरी कोण चढेल?

गांधी स्मारक निधीतून 1951 मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्था सुरू झाली, ती नेमका हाच प्रश्न घेऊन. डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या तीन पायांची पद्धत बसवली गेली. तोवर डॅप्सोन हे स्वस्त औषध हाती आले होते. थोड्या महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता ठरावीक गावे वाटून घेई, घरातल्या प्रत्येकाचे अंग तपासे, चट्टा दिसला की त्यावर संवेदना आहे का ते पाही आणि गावातच औषध देई. रुग्णाला घर सोडावे लागत नसे, हे मला यातले सर्वांत मोलाचे वाटते. केंद्र सरकारने 1955 मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तो याच पद्धतीच्या आधाराने. सायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालणाऱ्या त्या कार्यकर्त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत. ती असायला हवी होती.

डॅप्सोन वर्षानुवर्षे घ्यावे लागे, आणि 1970 च्या दशकापर्यंत जंतू त्याला दाद देईनासे झाले. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. यालाच बहुविध औषधोपचार म्हणतात. आजन्म वाटणारा उपचार सहा महिने ते दोन वर्षांवर आला. हे औषध नव्याने देऊ लागलेल्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता, कारण रुग्णांच्या याद्या आणि घरोघर जाणारी माणसे तिथे तयार होती. पैशाची अडचण जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने दूर केली. 1995 पासून पाच वर्षे साऱ्या जगाला पुरेल इतके औषध त्यांच्या देणगीतून मोफत मिळाले. 2000 पासून नोव्हार्टिस ते देत आली.

भारतात 1983 मध्ये दहा हजार लोकांमागे सुमारे 58 रुग्ण होते. डिसेंबर 2005 मध्ये ही संख्या एकाच्या खाली आली आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. आकडा खरा होता, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. आजार संपला असे समजून देणगीदार दुसरीकडे वळले. स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली, घरोघरचा शोध मंदावला आणि रुग्णाने आपणहून यावे ही जुनी अपेक्षा परत आली. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, त्यांत लहान मुलेही असतात.

2016 पासून सरकारने कुष्ठरुग्ण शोध मोहिमा पुन्हा सुरू केल्या, महाराष्ट्रात त्यासाठी आशाताई दारोदार जातात. रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्याचा उपायही राष्ट्रीय कार्यक्रमात आला आहे. ती मात्रा द्यायची तर आधी रुग्ण कोण हे कळायला हवे, आणि शेजाऱ्यांना ते सांगण्याइतकी त्याची भीती जायला हवी. भारताने संसर्ग शून्यावर आणण्यासाठी 2027 हे वर्ष ठरवले आहे.