माहितीची पर्याप्तता (बीजगणिती)

दिलेली विधाने प्रश्नाच्या उत्तरासाठी पुरेशी आहेत की नाहीत, एवढेच ठरविण्याचा परीक्षाप्रश्नांचा प्रकार. उत्तर काढणे अपेक्षित नसते. सामान्यतः एका प्रश्नाखाली दोन विधाने असतात.

अमेरिकेतील एसएटी या महाविद्यालय-प्रवेश परीक्षेत हा प्रकार १९५९ च्या सुमारास आला आणि १९७४ च्या सुमारास त्याची जागा राशींच्या तुलनेवरील प्रश्नांनी घेतली. जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेत मात्र तो टिकला. २०२३ अखेरच्या आराखड्यात तो गणिताच्या विभागातून विदाविषयक (डेटा) विभागात गेला. त्यामागील विचार याहून जुना आहे. अट अज्ञात ठरविण्यास पुरेशी आहे, अपुरी आहे, जादा आहे की विसंगत, हा प्रश्न गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ (१९४५) या पुस्तकात मांडला होता. अज्ञातांपेक्षा समीकरणे कमी असताना पूर्णांकी उकली शोधणारी आर्यभटाची कुट्टक रीत (४९९) व भास्कराचार्यांच्या बीजगणितातील (११५०) अनेकवर्ण (अनेक अज्ञातांची) समीकरणेही येथे आठवतात. तथापि हे साधर्म्य मानावे, परंपरा नव्हे.

जितकी अज्ञाते तितकी स्वतंत्र समीकरणे हवीत, हा नियम येथे जपूनच वापरावा लागतो. २क्ष + ३य = १२ व ४क्ष + ६य = २४ ही दिसायला दोन, पण वस्तुतः एकच समीकरण आहे. उलट, ३क्ष + ३य = २१ एवढ्यावरून क्ष कळत नाही; क्ष + य मात्र कळते. खरी कसोटी पूर्णांकांची. प्रत्येकी ३० रुपयांच्या क्ष वह्या व प्रत्येकी ५० रुपयांची य पेने मिळून १९० रुपये झाले, तर ३क्ष + ५य = १९. य = १ घेतल्यास ३क्ष = १४, य = ३ घेतल्यास ३क्ष = ४; दोन्ही निकालात निघतात. य = २ ला क्ष = ३, म्हणून एकच समीकरण पुरते. रक्कम २३० केली की (६, १) व (१, ४) अशा दोन जोड्या मिळतात आणि तेच विधान अपुरे पडते.

क्ष² = १६ वरून क्ष ठरत नाही (४ किंवा −४), क्ष² − ६क्ष + ९ = ० वरून ठरतो (३). होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नात निश्चित ‘नाही’ मिळाले तरी माहिती पुरेशीच.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून असलेल्या सीसॅट या कलचाचणीच्या प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमात हा घटक दहावीच्या पातळीवर आहे.