पास कुणी द्यायचा? महाराष्ट्रातल्या सरकारी जंगलांची पार्श्वभूमी

जंगलातला बांबूसारखा माल बाहेर न्यायचा तर वाहतूक पास लागतो. तो वन विभागाने द्यायचा की गावाने, हा प्रश्न समजायला आधी मागचं पाहावं लागेल. महाराष्ट्राच्या सुमारे एक पंचमांश भूभागाची कागदोपत्री नोंद 'वन' अशी आहे आणि त्यातल्या बहुतेक जमिनीची मालकी व कारभार वन विभागाकडे आहे. वनरक्षकाचं बीट (त्याच्या राखणीतला जंगलाचा भाग), त्यावर वनपाल, त्यावर वनक्षेत्रपाल, आणि कुठल्या कूपात (तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात) कधी तोड करायची हे ठरवणारी कार्य आयोजना, अशी ही रचना. तिचा सांगाडा इंग्रजांच्या काळातला आहे.

जहाजांसाठी आणि पुढे रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग हवा होता. मुंबई इलाख्यात 1847 मध्ये अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले, तर 1864 मध्ये देशपातळीवरचं खातं उभं राहून डीट्रिश ब्रँडिस त्याचे प्रमुख झाले. खरा घाव घातला तो 1878 च्या कायद्याने. त्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग पाडले. राखीव जंगलात गावाचा वहिवाटीचा हक्क चौकशीत नोंदला गेला तरच टिकायचा. चराई, सरपण, गवत या रोजच्या गरजा सरकारच्या मर्जीवर आल्या. 1927 च्या कायद्याने हीच चौकट पुढे नेली, आणि तो आजही लागू आहे.

लोकांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. 10 जुलै 1930 रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि माणसं मेली. गवताच्या भाऱ्यासाठी लोक गोळीसमोर उभे राहिले, हे विसरून या विषयावर बोलताच येत नाही.

स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या गेल्या, त्यांची जंगलं सरकारजमा झाली आणि खातं तसंच राहिलं. 1974 मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झालं. मिश्र जंगल तोडून साग लावणं हे त्याचं मुख्य काम. जंगलाकडे उत्पन्न म्हणून पाहणारी ही दृष्टी 1980 चा वनसंवर्धन कायदा आणि 1988 चं राष्ट्रीय वनधोरण यांनी बदलायला घेतली. डिसेंबर 1996 मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा तोडीला लगाम घातला. जंगल वाचवण्यासाठी हे सगळं गरजेचं होतं. पण गावाच्या हक्काचा प्रश्न त्यातल्या कशानेच सुटला नाही.

तो सुटायला सुरुवात झाली बांबूमुळे. 1927 च्या कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. म्हणून कागद गिरणीला तो कंत्राटाने मिळे, आणि शेजारच्या गावाने तोडला तर गुन्हा. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पन्न, ठरवून त्याची मालकी वनात राहणाऱ्यांना दिली. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही याच गावाची घोषणा. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक पास हवा, आणि ते पास फाडून देण्याचं पासबुक वन खात्याच्या हातात! हक्क कागदावर आणि माल जंगलात, असा पेच झाला. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि ते पासबुक ग्रामसभेकडे सोपवलं गेलं. 2012 च्या सुधारित नियमांनी ही सोय देशभर लागू केली.

माझ्या मते गेल्या दीडशे वर्षांतला वनकारभारातला सर्वांत मोठा बदल हाच, कारण इथे खात्याने सवलत दिली नाही, अधिकार सोडला.

तो सहज सोडलेला नाही, हेही सांगायला हवं. 2014 मध्ये राज्याने ग्रामवनांसाठी, म्हणजे गावाकडे सोपवायच्या सरकारी जंगलांसाठी, नियम आणले, ते वनहक्क कायद्याखाली नव्हे, 1927 च्याच कायद्याच्या कलम 28 खाली. गावाला व्यवस्थापन द्यायचं, पण ते काढून घेण्याची मुभा सरकारकडे ठेवायची. त्यांना केंद्रीय आदिवासी मंत्रालयानेच हरकत घेतली होती.