साखर मुळात गोड नव्हती

संस्कृतात ‘शर्करा’चा जुना अर्थ आहे खडे, वाळू, कंकर. सुश्रुतसंहितेत तर मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही शर्करा म्हटलंय. उसाचा रस आटवल्यावर वाळूसारखा कणीदार पदार्थ हाती लागला, तेव्हा त्यालाही तेच नाव मिळालं. म्हणजे नाव पडलं ते स्पर्शावरून, चवीवरून नव्हे. या हिशेबानं आपली ‘खडीसाखर’ एकच गोष्ट दोनदा सांगते!

हा कण धरणं किती नाजूक काम आहे, ते कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर दिसतं. काहिलीत रस तापू लागला की भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. चुन्याची निवळीही घालतात, कारण रस आंबट राहिला तर उकळताना सुक्रोज, म्हणजे उसातली साखर, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. ही दोघं मध्ये घुसली की सुक्रोजच्या रेणूंना रांग धरता येत नाही. मग कण धरत नाही आणि ढेप मऊ पडते. पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला आला की गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून गोळी वळते का बघतो. थर्मामीटर त्याच्या बोटांत असतो. आणि ‘गूळ’ ज्या ‘गुड’वरून आला, त्याचा संस्कृत अर्थही गोळाच.

शर्करा मात्र फिरस्ती निघाली. मराठीत साखर, फारसीत शकर, अरबीत सुक्कर. अरबांमार्फत ती युरोपात पोचली आणि इंग्रजीत शुगर झाली. ती शुगर मराठीत परतली ती आजाराचं नाव होऊन: ‘त्यांना शुगर आहे.’ १८७९ मध्ये सापडलेल्या सॅकरिन या कृत्रिम गोड पदार्थाचं नाव ग्रीक वळणाचं, पण मूळ हेच. हिंदीनं मात्र चीनवरून ‘चीनी’ आणि मिस्रवरून, म्हणजे इजिप्तवरून, ‘मिसरी’ म्हणणं पसंत केलं.

खरी गंमत केरळात आहे. मल्याळममध्ये ‘शर्करा’ म्हणजे चक्क गूळ! तिथल्याच ‘चक्करा’ या रूपावरून पोर्तुगीजांनी ‘जागरा’ केलं आणि इंग्रजांनी त्याचं ‘जॅगरी’. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ परदेशी जातो तो याच नावानं. खोक्यावरची ‘जॅगरी’ आणि शेजारच्या फळीवरची ‘शुगर’ या सख्ख्या बहिणी, पण एक अरबांबरोबर गेली, दुसरी पोर्तुगीजांच्या गलबतातून.