स्टिअरिंग डॅम्पर: एक थरथर थांबवताना दुसरी वाढते

म्हैसूरला बनलेली जावा किंवा मद्रासची जुनी बुलेट ज्यांनी चालवली आहे, त्यांना हँडलच्या मधोमध असलेला काळा नॉब आठवत असेल. बहुतेकांनी तो कधी फिरवला नाही. काहींना तो शोभेचा वाटे, काहींना हँडल लॉकचा भाग. खरं तर तो स्टिअरिंग डॅम्पर होता. नॉबखालून एक लांब दांडी स्टिअरिंगच्या नळीतून आरपार खाली जाई. खालच्या टोकाशी फायबरच्या चकत्या, पोलादी पत्रे आणि एक स्प्रिंग असे, आणि त्यातला एक पत्रा फ्रेमला अडकवलेला असे. नॉब आवळला की चकत्या एकमेकींवर दाबल्या जात आणि हँडल जड होई. बस, इतकंच यंत्र.

ही रचना ब्रिटिश गाड्यांची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रफ सुपीरियर, नॉर्टन, व्हिन्सेंट यांसारख्या मोठ्या गाड्यांवर असा नॉब सर्रास दिसे. रस्ते खडबडीत, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) जुन्या गर्डर पद्धतीचे, टायर अरुंद, आणि वर पुष्कळदा साइडकार जोडलेली. साइडकारचा त्रास वेगळाच असतो. तिथे सोलो गाडीचा ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला टेकतो त्या बिंदूपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, गरजेपेक्षा जास्त ठरतं. त्यामुळे हँडल जड होतं आणि चालू लागताना ताशी 20-40 किमीला चांगलंच डुगडुगतं. आजही साइडकारच्या गाड्यांवर डॅम्पर सहसा असतोच, त्याचं कारण हेच.

घर्षणाच्या डॅम्परची खोड अशी की तो वेग ओळखत नाही. हँडल हळू फिरवा की झटक्यात, चकत्यांचा विरोध जवळपास तितकाच. म्हणून मोकळ्या रस्त्यावर आवळायचा आणि गावात शिरलं की सैल करायचा, हे चालवणाऱ्याचं काम. सैल करायचं विसरलं की गाडी दारू प्यायल्यासारखी नागमोडी जाई. दुचाकीचा तोल हँडलच्या अगदी बारीक हालचालींवर राहतो, आणि चकत्यांचा सुरुवातीचा चिकटपणा नेमक्या त्याच हालचाली मारून टाकतो. टेलिस्कोपिक फोर्क आले, रस्ते सुधारले आणि नॉब हळूहळू नाहीसा झाला. रोजच्या गाडीवरून तो गेल्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

तेलाचा डॅम्पर हा पुढचा टप्पा. सिलिंडरमध्ये पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं. हळू हलवला तर तेल सहज सरकतं, जोरात हलवला तर अडतं. म्हणजे विरोध हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो. बीएमडब्ल्यूने 1960 मध्ये आणलेल्या 594 सीसीच्या आर 69 एसवर हायड्रॉलिक डॅम्पर कारखान्यातूनच येई. ती त्या काळी ताशी 175 किमीची गाडी होती. वेग वाढला की डॅम्पर परत येतो, हा क्रम पुढेही दिसतो.

हँडल का थरथरतं, याचा हिशोब मात्र मोटरसायकलवाल्यांनी नव्हे, विमानवाल्यांनी आधी मांडला. उतरताना विमानाचं चाक फडफडायचं. जर्मनीत श्लिप आणि डीट्रिख यांनी 1941 मध्ये दाखवलं की रबरी टायर बाजूचा जोर क्षणार्धात देत नाही. थोडं अंतर लोळल्यावर तो जोर तयार होतो. या उशिरामुळे चाकाला चुकीच्या वेळी धक्का मिळतो आणि फडफड स्वतःच स्वतःला पोसते. तोच मुद्दा धरून ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी 1971 मध्ये मोटरसायकलचं गणित मांडलं, आणि आजही या विषयावर बोलताना वापरले जाणारे शब्द तिथूनच रूढ झाले. वॉबल म्हणजे फक्त पुढचं चाक आणि हँडल जलद थरथरणं, ढोबळमानाने सेकंदाला 6 ते 10 वेळा. वीव्ह म्हणजे अख्खी गाडी मासोळीसारखी डोलणं, सेकंदाला 2 ते 4 वेळा, आणि तेही जास्त वेगात. टँक स्लॅपर म्हणजे हाताबाहेर गेलेला वॉबल. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटतं.

शार्प यांच्या गणितातून निघालेली गोष्ट डॅम्पर विकणारे सहसा सांगत नाहीत. स्टिअरिंग डॅम्पर वॉबल शमवतो, पण जास्त वेगात वीव्ह वाढवतो. गाडी डोलायला लागली की हँडल आपोआप वळून तिला सावरतं, आणि डॅम्पर तीच सावरण्याची हालचाल उशिरा होऊ देतो. म्हणून 'जितका कडक तितका सुरक्षित' हे साफ चूक आहे.

आपल्याकडे याचा फटका सामान लादून लांब जाणाऱ्यांना बसतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, उंचावर, भरलेला टॉप बॉक्स बांधला की ताशी 100 किमीच्या आसपास गाडी डोलायला लागते. हा वीव्ह आहे. त्यावर डॅम्पर बसवला तर तो बरा होण्याऐवजी बिघडतो. इलाज म्हणजे वजन पुढे आणि खाली आणणं, मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवणं, टायरची हवा कंपनीने भारासाठी सांगितलेल्या आकड्यावर नेणं आणि मागच्या चिमट्याचे (स्विंगआर्मचे) बुश तपासणं.

सत्तरीच्या दशकातल्या जपानी गाड्यांची कथा थोडक्यात सांगता येते. इंजिनाची ताकद फ्रेमच्या पुढे धावत होती, आणि लवचीक फ्रेमला लोक डॅम्पर जोडत होते. पुढे फ्रेम मजबूत झाल्या. खरी उलथापालथ नव्वदीत झाली, कारण तेव्हा गाड्यांची भूमितीच बदलली: स्टिअरिंग जास्त उभं, गाडी आखूड. 1998 ची यामाहा आर 1 पाहा: स्टिअरिंगचा कोन 24 अंश, ट्रेल 92 मिमी, दोन्ही चाकांतलं अंतर फक्त 1395 मिमी, आणि ताकद सुमारे 150 अश्वशक्ती. अशी गाडी वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की पुढचं चाक हलकं होतं, खड्ड्यावर क्षणभर उचलतं आणि किंचित तिरकं टेकतं. तिथे वॉबल सुरू होतो.

याच काळातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण 1997 च्या सुझुकी टीएल 1000 एसचं. 996 सीसीचं 90 अंशी व्ही-ट्विन इंजिन लांबलचक असतं. तरीही गाडी आखूड ठेवायची म्हणून मागच्या शॉकचा स्प्रिंग आणि डॅम्पर वेगळे केले गेले, आणि शॉकचा तो डॅम्पर फिरत्या पद्धतीचा छोटा डबा झाला. टँक स्लॅपरच्या तक्रारी आणि अपघात झाले, आणि ब्रिटनमध्ये विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांना स्टिअरिंग डॅम्पर बसवावा लागला. त्यानंतर कारखान्यातून डॅम्पर येणं हे स्पोर्ट बाइकसाठी नवल राहिलं नाही. 2001 ची जीएसएक्स-आर 1000 तो घेऊनच आली.

आता जुन्या नॉबचा प्रश्न नव्या रूपात उभा होता: गावात मोकळा आणि हायवेवर कडक, हे कोण करणार? होंडाने 2004 च्या सीबीआर 1000 आरआरवर याचं उत्तर दिलं. स्टिअरिंग हेडवर बसवलेला फिरता डॅम्पर, आणि वेग व प्रवेग पाहून तेलाची वाट उघडी-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह. हळू चालताना तो जवळजवळ नसल्यासारखा. पुढे सुझुकी आणि कावासाकीनेही आपल्या मोठ्या गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक डॅम्पर दिले. बाजारात वेगळा मिळणारा बहुतेक डॅम्पर मात्र अजून साधाच आहे, आणि त्याची मर्यादा आकड्यांतून नीट कळते.

समजा डॅम्परची दांडी स्टिअरिंगच्या अक्षापासून 70 मिमीवर जोडली आहे. हँडल एका अंशाने, सेकंदाला 8 वेळा थरथरलं तर पिस्टनचा कमाल वेग सुमारे 60 मिमी प्रति सेकंद होतो. पार्किंगमध्ये हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे 70 अंश, 2 सेकंदांत फिरवलं तर तो वेग सुमारे 43 मिमी प्रति सेकंद. दोन्ही जवळपास सारखेच! म्हणून साधा डॅम्पर सुरुवातीची थरथर मारण्याइतका कडक केला की पार्किंगमध्येही जड लागणारच. हीच थरथर 5 अंशांची झाली की वेग 300 मिमीच्या वर जातो. वेग वाढेल तसा झपाट्याने कडक होणारा व्हॉल्व्ह असलेला डॅम्पर रस्त्यासाठी बरा, तो याच कारणाने. स्कॉट्स या कंपनीच्या फिरत्या डॅम्परने दुसरी वाट काढली: हँडल मध्यापासून दूर जाताना विरोध, मध्याकडे परतताना मोकळं.

जागा निवडताना दोन हिशोब करावे लागतात. पहिला स्ट्रोकचा, म्हणजे दांडी किती सरकू शकते त्याचा. हँडल प्रत्येक बाजूला 35 अंश फिरत असेल आणि जोड 70 मिमीवर असेल तर दांडी सुमारे 80 मिमी सरकते. 68 मिमी स्ट्रोकचा डॅम्पर तिथे चालणार नाही. जोड 50 मिमीवर आणला तर सरक 57 मिमी होते आणि दोन्ही टोकांना 5 मिमीहून थोडी जास्त जागा उरते. टोकांना निदान 3 ते 5 मिमी हवेतच. हँडल थांबवण्याचं काम फ्रेमच्या स्टॉपरचं. ते डॅम्परवर पडलं तर एक दिवस सील फुटतं किंवा दांडी वाकते. दुसरा हिशोब जोराचा, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही: परिणाम अंतराच्या वर्गाने बदलतो. 70 वरून 50 मिमीवर आल्यावर तोच डॅम्पर निम्माच काम करतो.

फोर्कवर क्लॅम्प लावायचा असेल तर व्हर्नियरने नळी स्वतः मोजावी. केटीएम 390 ड्यूकचा फोर्क 43 मिमीचा म्हणतात, पण उलट्या, म्हणजे जाड नळी वर असलेल्या, फोर्कमध्ये तो आकडा आतल्या नळीचा असतो. क्लॅम्प बसतो बाहेरच्या, जाड नळीवर. एम 6 बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत 8 ते 10 न्यूटन-मीटरवर थांबावं. जास्त आवळलं तर अ‍ॅल्युमिनियमची नळी दबते आणि शॉकअप अडकायला लागतो. फ्रेमला वेल्डिंग करू नये, भोक तर नाहीच नाही. आधीपासून असलेला इंजिन माउंटचा बोल्ट त्याच ग्रेडचा पण लांब घेऊन ब्रॅकेट धरावं. ब्रॅकेट 3 मिमी पत्र्याचं असेल तर ते स्वतःच लवतं, आणि डॅम्परऐवजी स्प्रिंग बसवल्यासारखं होतं.

हँडल सरळ असताना पिस्टन मध्यावर आणि दांडी अक्षापासून जोडापर्यंतच्या रेषेला साधारण काटकोनात हवी. मग दोन्ही टोकांना हँडल नेऊन टाकी, फेअरिंग, क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप कुठे घासतो का ते पाहावं, आणि तेच फोर्क दाबलेला असतानाही. शेवटी रॉड-एंडचं, म्हणजे दांडीच्या टोकाच्या फिरत्या जोडाचं, ढिलेपण. 70 मिमीवर 1 मिमी ढिलाई म्हणजे हँडलला जवळपास 0.8 अंश मोकळीक, आणि थरथर जन्मते ती त्याच मोकळ्या जागेत. नावाजलेल्या कंपन्यांच्या स्वस्त नकलांत हीच खोट असते. तेलात हवा शिरलेली, मध्यावर विरोधच नाही, किंवा दांडी एकाच बाजूने बाहेर येत असल्याने आत आणि बाहेर वेगवेगळा जोर. हातात घेऊन उभा-आडवा धरून हळू दाबला की हे लगेच कळतं.

डॅम्पर लावण्याआधी पुढचं चाक उचलून फोर्कचं खालचं टोक पुढे-मागे ओढावं. टक्‌ असा आवाज आला तर कोनसेट (स्टिअरिंगच्या नळीतली बेअरिंगं) सैल आहे. हँडल हळू फिरवताना मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर बॉलच्या जागी खड्डे पडले आहेत, आणि आवळून ते जात नाही, कोनसेट बदलावाच लागतो. टायर कडेला उंचसखल झिजला आहे का, रिम आउट आहे का, व्हील बेअरिंगमध्ये ढिलाई आहे का, हेही त्याच वेळी पाहावं. ताशी 60-70 किमीवरून वेग उतरताना हात हलका केला की हँडल थरथरतं, अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. या दोषांवर डॅम्पर चढवला तर थरथर झाकली जाते आणि बेअरिंग झिजतच राहतं.

सेटिंग सर्वांत मोकळ्या टोकापासून सुरू करावं. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल मध्यापासून किंचित बाजूला सोडलं तर ते स्वतःच्या वजनाने, सावकाश का होईना, टोकाला गेलं पाहिजे. मग रिकाम्या जागी चालण्याच्या वेगात इंग्रजी आठचा आकडा काढून बघावा. गाडी सावरायला सतत दुरुस्ती करावी लागत असेल तर सेटिंगचा नॉब दोन क्लिक परत सैल करावा. रस्त्यावर ताशी 40 किमीखाली डॅम्पर जाणवू नये. एका वेळी एकच क्लिक वाढवावा. आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी डोलायला लागली तर आवळू नये, सोडावा.

कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडकपणे लावलं. बोल्टने बसणारा डॅम्पर इंजिन किंवा बॉडीसारखा प्रमाणपत्रात लिहिला जात नाही. पण कापलेली किंवा वेल्ड केलेली फ्रेम वेगळी गोष्ट आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवलेला बरा, आणि काढलेले मूळ बोल्ट पिशवीत जपून ठेवावेत.