एक्स-रे साफ आला म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग नाही, असे नव्हे

‘छातीचा एक्स-रे नॉर्मल आहे, खोकलाही नाही, मग तपासणी कशाला?’ हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो जिवावर बेततो. फासळ्या, गळपट्टीचे हाड आणि हृदयाची सावली यांच्यामागे छोटी गाठ सहज लपते. खोकल्यातून रक्त पडेपर्यंत आजार बहुधा पुढे गेलेला असतो. ५३ हजारांहून अधिक लोकांवरच्या अमेरिकी अभ्यासात (२०११) किरणांची मात्रा कमी ठेवून केलेल्या सीटी स्कॅनमुळे या कर्करोगाचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्के घटले.

स्कॅनला सुई लागत नाही. उताणे झोपून काही सेकंद श्वास रोखायचा, बस. अमेरिकेतील २०२१ ची शिफारस दरवर्षी स्कॅनची आहे: वय ५० ते ८०, धूम्रपान चालू किंवा १५ वर्षांच्या आत सोडलेले, आणि किमान २० ‘पाकीट-वर्षे’. म्हणजे रोज २० सिगारेटी २० वर्षे, किंवा रोज १० सिगारेटी ४० वर्षे.

अशा व्यक्तीला समजावताना एक गोष्ट स्कॅनच्या आधीच, घरच्यांसमोर, त्यांच्याच बोलीत सांगावी: गाठ दिसली म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, अनेकदा जुन्या संसर्गाचे व्रण. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून त्या वाढतात का ते पाहतात. हे आधी सांगितले नाही, तर पहिल्याच रिपोर्टला घाबरून माणूस पुन्हा फिरकत नाही.