कचरा कुणाच्या दारात? मोजणाऱ्यांचं भांडण

टेक्सासमधलं ह्यूस्टन शहर तव्यासारखं सपाट आहे. तिथे मध्येच एखादी टेकडी दिसली, तर ती बहुधा निसर्गाची नसते, खाली वर्षानुवर्षांचा कचरा असतो. १९७९मध्ये रॉबर्ट बुलार्ड हे तरुण समाजशास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन शहरातले नवे-जुने सगळे कचरा डेपो शोधत होते. निमित्त घरचंच होतं. त्यांच्या वकील पत्नी लिंडा यांनी नॉर्थवूड मॅनर या वस्तीच्या वतीने दावा लावला होता. वस्ती मध्यमवर्गीयांची, रहिवासी बहुतांश कृष्णवर्णीय, आणि शेजारी नवा डेपो येऊ घातलेला.

जुनी दप्तरं, नकाशे आणि पायपीट यांतून हाती आलं ते असं: पालिकेचे ५ डेपो, पाचही कृष्णवर्णीय वस्त्यांत. कचरा जाळायच्या ८ भट्ट्यांपैकी ६ तिथेच. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय मात्र जेमतेम चौथा हिस्सा. एवढं असूनही दावा हरला. भेदभाव दिसतो म्हणून भागत नव्हतं, तो मुद्दाम केला हे सिद्ध करावं लागत होतं. आणि नकाशावर टाचण्या टोचून कुणाच्या मनातला हेतू कसा दाखवणार?

प्रदूषणाचा भार गरीब आणि वंचितांवरच का पडतो, हे विचारणाऱ्या पर्यावरणीय न्यायाच्या चळवळीचा आरंभ सांगताना बहुतेक जण १९८२वर बोट ठेवतात. त्याआधी १९७८मध्ये नॉर्थ कॅरोलिनात शेकडो किलोमीटर रस्त्यांच्या कडेला पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेलं तेल गुपचूप ओतून दिलं गेलं होतं. ती माती खरवडून पुरायची कुठे, तर वॉरेन काउंटीत, जिथे बहुसंख्य लोक गरीब आणि कृष्णवर्णीय. १९८२मध्ये लोक ट्रकपुढे आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली, माती तरीही तिथेच पुरली. १९८७मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या वांशिक न्याय आयोगाने देशभराची पिनकोडनिहाय छाननी केली. घातक कचऱ्याची केंद्रं कुठे असतील, हे उत्पन्नापेक्षाही वंशावरून अधिक नेमकं सांगता येतं, असा तिचा निष्कर्ष. हा अभ्यास विद्यापीठाने नव्हे, चर्चने केला हे लक्षात घेण्यासारखं आहे.

इथवरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. मला त्यापुढचं भांडण जास्त रंजक वाटतं. १९९४च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सगळ्या केंद्रीय खात्यांना या विषमतेची दखल घ्यायला लावणारा आदेश काढला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पिनकोडऐवजी जनगणनेचा लहान तुकडा, म्हणजे ट्रॅक्ट, धरून तीच तुलना केली. आणि वंशाचा फरक जवळपास गायब झाला! देश तोच, केंद्रंही साधारण तीच, उत्तर उलटं.

गोम होती ती हद्दीत. दोन्ही पद्धती एवढंच विचारत होत्या: या तुकड्यात केंद्र आहे की नाही? असेल तर आतले सगळे बाधित, हद्दीपलीकडचे सगळे सुरक्षित. पण ट्रॅक्टच्या हद्दी अनेकदा मोठे रस्ते, रेल्वेमार्ग, नद्या यांना धरून आखतात, आणि अशा केंद्रांनाही तीच जागा सोयीची. पॉल मोहाई आणि रॉबिन साहा या संशोधकांनी २००६मध्ये दाखवलं की जवळपास निम्मी केंद्रं आपल्या ट्रॅक्टच्या हद्दीपासून पाव मैलाच्या आत आहेत. म्हणजे रस्ता ओलांडला की समोरचं घर सुरक्षितांच्या खात्यात! दोघांनी हद्दी बाजूला ठेवल्या, प्रत्येक केंद्राभोवती वर्तुळ काढलं आणि आतली माणसं मोजली. २००७च्या अहवालात याच पद्धतीने आलेले आकडे असे: केंद्रापासून ३ किलोमीटरच्या आत श्वेतेतर लोक ५६ टक्के, बाहेर ३० टक्के.

मुंबईकराला हे समजायला लांब जायला नको. देवनारचं डम्पिंग ग्राउंड, त्याला लागून असलेल्या गोवंडीच्या झोपडपट्ट्या आणि अणुशक्तीनगरची गर्द झाडीतली वसाहत, सगळं एकाच एम-पूर्व वॉर्डात येतं. त्या वॉर्डाची सरासरी काढून बघा. ती दोन्हीकडच्या कुणालाच ओळखीची वाटणार नाही.

दुसरा वाद आधी काय, याचा. डेपो गरिबांच्या वस्तीत आला, की डेपोमुळे भाव पडले म्हणून गरीब तिथे राहायला आले? १९९४मध्ये कायद्याच्या अभ्यासक विकी बीन यांनी हा प्रश्न उकरला आणि ह्यूस्टनचीच आकडेवारी पुन्हा तपासली. तिथे डेपोनंतरही वस्त्यांची घडण बदलत गेल्याचं दिसलं. पुढे मोहाई आणि साहा यांनी अनेक दशकांची आकडेवारी लावून पाहिली. त्यांच्या मते केंद्रं मुख्यतः आधीपासूनच वंचित असलेल्या भागांत आली होती.

आता हे क्षेत्र मोजणीपुरतं राहिलेलं नाही. डेव्हिड श्लॉसबर्ग यांच्यासारखे अभ्यासक विचारतात की निर्णयाच्या टेबलाशी कोण होतं, कुणाच्या जगण्याला किंमत दिली गेली. रामचंद्र गुहा आणि जोआन मार्टिनेझ-आलिएर यांनी चिपकोसारख्या आंदोलनांकडे गरिबांचा पर्यावरणवाद म्हणून पाहिलं. त्यामुळे पर्यावरणीय न्यायाच्या अभ्यासाचा पत्ता अमेरिकेपुरता उरला नाही.

जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी क्लिंटन यांचा आदेश रद्द केला. पुढच्याच महिन्यात प्रदूषण आणि लोकसंख्येची माहिती एकत्र दाखवणारा ईजेस्क्रीन हा सरकारी नकाशा संकेतस्थळावरून उतरवला गेला. सरकारबाहेरच्या संशोधकांच्या एका गटाने त्याची प्रत लगेच पुन्हा खुली केली.