दास्यमुक्तीची स्मारके

गुलामगिरी कायद्याने बंद झाल्याची आणि गुलामांनी तिच्याशी दिलेल्या झुंजीची आठवण म्हणून सार्वजनिक जागी उभारलेली शिल्पे, कारंजी, भिंती वगैरे. जुन्या स्मारकांत मुक्ती देणारा मोठा दिसतो, मिळवणारा लहान.

याचा ठळक नमुना वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कात आहे. टॉमस बॉलने घडवलेल्या या ब्रॉन्झच्या शिल्पाचे अनावरण 14 एप्रिल 1876 रोजी झाले. उभ्या लिंकनच्या पायाशी बेडी तुटलेला कृष्णवर्णीय माणूस गुडघ्यावर आहे. वर्गणी मुक्त झालेल्या गुलामांची. पहिले 5 डॉलर शार्लट स्कॉट या बाईंचे. आराखडा ठरवताना मात्र वर्गणीदारांना कुणी विचारले नाही, आणि घोटाळा तिथेच झाला. अनावरणाचे भाषण करणाऱ्या फ्रेडरिक डग्लस या एकेकाळी गुलाम असलेल्या पुढाऱ्यानेच काही दिवसांनी वृत्तपत्राला पत्र लिहून, माणूस पायांवर उभा असलेले स्मारक हवे, असे कळवले. बॉस्टनमधली प्रतिकृती 2020 मध्ये हलवण्यात आली.

बार्बाडोस या कॅरिबियन बेटावरील 1985 चा पुतळा याच्या उलट आहे: एकटा माणूस, हात वर, मनगटांना तुटलेल्या साखळ्या. लोक त्याला 1816 च्या उठावाच्या म्होरक्याच्या नावाने ‘बुसा’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील झांझिबार बेटावरचा गुलामबाजार 1873 मध्ये बंद झाला. त्या जागेवरील चर्चच्या आवारात 1998 मध्ये शिल्पकार क्लारा सोर्नास यांनी जमिनीत खड्डा करून पाच माणसांची शिल्पे उभी केली. गळ्यांत साखळी आहे. पाहणाऱ्याला वाकून खाली बघावे लागते, चौथरा नाहीच. फ्रान्समधील नाँत येथील स्मारकात (2012) नदीकाठच्या वाटेत सुमारे 2,000 काचेच्या पट्ट्या बसवल्या आहेत. त्यांतल्या 1,710 पट्ट्यांवर गुलामवाहू मोहिमांच्या जहाजांची नावे व वर्षे आहेत. हे व्यापाराचे उघडे खातेच म्हणायचे.

आपल्याकडे पुण्यातही या विषयाचा एक धागा आहे, पण तो दगडाचा नसून कागदाचा. पेशवाईत इथे कुणबिणी, म्हणजे दासी, विकत घेतल्या जात. गुलामीच्या हक्काला कोर्टाची मान्यता ब्रिटिश सरकारच्या 1843 च्या कायद्याने काढली. गुलाम बाळगणे गुन्हा ठरले ते 1860 च्या दंडसंहितेने. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (1873) अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. अर्पणपत्रिकेत गौरव मुक्ती देणाऱ्यांचाच आहे. पण आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, ही मागणीही तिथेच आहे. गंज पेठेतील फुले वाड्यात जोतीरावांची समाधी आहे.